बिशपसाहेबांची वामकुक्षी

मला फक्त छताला एक कडी हवी होती. लोखंडी, गोल, बोटभर जाडीची. लोक परदेशात जाऊन बंगले बांधतात, दुकानं थाटतात, निवडणुकीलासुद्धा उभे राहतात. मी मागून मागितलं काय, तर एक कडी! पण ज्या गावात मिशनने आम्हाला धाडलं होतं, तिथे त्यापेक्षा बंगला बांधणं सोपं गेलं असतं.

कडी हवी होती ती बिशपसाहेबांसाठी. बिशपसाहेब म्हणजे आमचे चिरंजीव, वय महिने आठ. डोक्यावर एक केस नाही, गालांमुळे मान दिसत नाही, आणि समोर येईल त्याच्याकडे बघण्याची तऱ्हा अशी, की या माणसाच्या श्रद्धेत कुठेतरी खोट आहे हे आपण ओळखलं आहे. हे नाव त्यांना माझ्या बायकोने ठेवलं. मी साधा मिशनरी. घरात माझ्यापेक्षा वरच्या पदावर कोण आहे, हे तिला पहिल्या दिवसापासून स्पष्ट करून ठेवायचं असावं.

तर हे बिशपसाहेब झोपत नसत. आजीकडे असताना ते झोळीत झोपायचे. जुनी मऊ सुती साडी, एक मजबूत दोरी, वर छताला कडी. चार झोके दिले की साहेब गार. इथे मिशनने आम्हाला दोन खोल्यांचं घर दिलं होतं आणि त्यात बाळासाठी गजांचा एक सुरेख लाकडी पलंग. साहेबांनी त्या पलंगाकडे एकदा पाहिलं, दोन्ही हातांनी गज धरले आणि निरपराध कैद्यासारखी जी बोंब ठोकली, ती काही केल्या थांबेना. दुपारी झोप नाही म्हणून रात्री किरकिर, आणि रात्रभर किरकिर केली म्हणून दुपारी डोकं उठलेलं. असं ते चक्र चालू होतं, आणि त्यात आम्ही दोघं भरडले जात होतो.

माझं सोडा. मिशनऱ्याने हालअपेष्टा सोसायच्या असतात, तशी सही करूनच मी आलो होतो. पण माझी बायको, जी आमच्या गायनवृंदात हसू आवरता येत नाही म्हणून मागच्या रांगेत उभी केली जायची, ती आता दात घासता घासता डुलक्या घेत होती. एकदा तिने माझ्या चहात मीठ घातलं. मी तो निमूटपणे प्यायलो. चवीबद्दल बोलण्याची ती वेळ नव्हती. आणि मग एका सकाळी, कपड्यांच्या घड्या घालता घालता, ती अगदी शांतपणे म्हणाली, "हा महिना बघते. तोवर हा झोपायला लागला नाही, तर मी ह्याला घेऊन आईकडे जाते. तू तुझं काम कर. मला राग नाही आलेला."

राग आला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या बायकोची समजूत घालता येते. तेवढा अनुभव मला होता. तिने कपाटावरची बॅग खाली काढली, भिंतीशी उघडी ठेवली आणि तिच्यात साहेबांच्या दोन लोकरी टोप्या टाकल्या. त्या दोन टोप्या बघून माझी पाचावर धारण बसली.

सासूबाईंचा फोन रोज दुपारी यायचा. त्यांचं निदान पक्कं होतं. "जावईबापू, एवढं शिकलात, जगाला मार्ग दाखवायला निघालात, आणि घरात एक झोळी बांधायला जमत नाही?" मागून बिशपसाहेब केकाटत असायचे, त्यामुळे माझी बाजू आपोआपच कमजोर पडायची. मी त्यांना शब्द दिला, की उद्याच्या उद्या झोळी बांधतो.

उद्याच्या उद्या मी टेबलावर चढलो आणि झाडूच्या दांड्याने छत ठोकून पाहिलं. आवाज ऐकून समोरच्या घरातले इन्स्पेक्टरसाहेब आले. ते बसखात्यातून निवृत्त झाले होते, पण अजूनही समोरच्या माणसाकडे तिकीट नसल्याच्या संशयानेच बघत. त्यांना सगळी हकिकत सांगितल्यावर त्यांनी एका वाक्यात सल्ला दिला. "भोक पाडा, कडी बसवा आणि गप्प बसा. घर सोडताना बुजवून टाका."

सल्ला सोन्यासारखा होता. पण भाडेकरारात लिहिलं होतं की भिंतींना खिळे ठोकू नयेत. आता छत म्हणजे भिंत नव्हे, हे कुणीही सांगेल. मीही स्वतःला ते सांगून पाहिलं. पण शास्त्राचा अभ्यास केलेल्या माणसाचं डोकं एकदा अर्थ लावायला लागलं की आवरत नाही. तासभर दोन्ही बाजू ऐकून घेतल्यावर माझ्या सदसद्विवेकबुद्धीने निकाल माझ्याविरुद्ध दिला. मिशनऱ्याची ही मोठी पंचाईत असते. बाकीचे लोक आधी करून टाकतात आणि मग क्षमा मागतात. आम्ही क्षमा कशी मागावी ते शिकवतो, पण आधीचा भाग आम्हाला वर्ज्य असतो.

म्हणून मी तळमजल्यावर घरमालकीणबाईंकडे गेलो. झोळी म्हणजे काय हे तोंडी सांगून त्यांच्या डोक्यात शिरेना, तेव्हा मी चित्र काढलं. वर छताची रेघ. रेघेला दोरी. दोरीच्या टोकाला गाठोडं. गाठोड्यात बाळ आहे हे कळावं म्हणून मिटलेल्या डोळ्यांचा एक छोटा चेहरा. आणि झोके देणारा माणूस दिसावा म्हणून शेजारी मी, हातात दोरी घेऊन, हसताना.

घरमालकीणबाईंनी चित्र पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा चित्राकडे. "मूल आत्ता कुठे आहे?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पायात चपला सरकवून त्या माझ्या पुढे जिना चढू लागल्या. वर येऊन त्यांनी बिशपसाहेबांचे हात, पाय, कान तपासले. साहेबांनीही त्यांची श्रद्धा तपासली. शेवटी माझ्या बायकोने साडी काढून, खुर्चीला बांधून, तिच्यात उशी ठेवून दाखवली, तेव्हा कुठे बाईंचा जीव भांड्यात पडला. "असं होय! मला वाटलं..." असं म्हणून त्या थांबल्या. काय वाटलं ते त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. "पण छताचं मला ठरवता येत नाही. इमारतीच्या ऑफिसात विचारा."

इमारतीच्या ऑफिसात खिडकीमागे एक गृहस्थ बसले होते. सज्जन माणूस. त्यांनी नियमांचं जाडजूड पुस्तक माझ्यासमोर उघडलं. "कडीसाठी नियम नाही. पंख्यासाठी आहे. झुंबरासाठी आहे. तुम्ही झुंबर लावताय का?"

"नाही."

"झुंबर म्हणालात तर आत्ता शिक्का मारतो."

"पण ते झुंबर नाहीये हो. बाळ आहे."

त्यांनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिलं, की एरवी लोकांकडे तसं पाहण्याचं काम माझं असतं. "बाळ हलतं का?"

"झोळी हलते."

"म्हणजे हलता भार. मग ते यंत्रांच्या नियमात बसतं. इंजिनियरचा दाखला लागेल."

इंजिनियर आला. टेबलावर चढला. त्याने छताला बोट लावलं आणि ते बोट सरळ आत गेलं. "हे छत नाही, नुसतं झाकण आहे," तो म्हणाला. "खरं छत ह्याच्या हातभर वर आहे, आणि त्याला कुणी हात लावू नये अशा अवस्थेत आहे. बाळ काय, इथे टोपीसुद्धा टांगू नका." दाखला न देता तो गेला; भोक तेवढं ठेवून गेला. त्यातून आमच्या जेवणाच्या टेबलावर अधूनमधून भुसा पडायचा. म्हणजे जे भोक मी सचोटीपायी पाडलं नव्हतं ते फुकटात मिळालं, आणि वर घरमालकीणबाईंना जाऊन त्याचीही कबुली द्यावी लागली.

मग वरच्या मजल्यावरचे सुतारकाका स्वतःहून आले. मोठे मनमिळाऊ गृहस्थ. छताशिवाय उभी राहील अशी झोळीची लाकडी घोडी मी बनवून देतो म्हणाले. सुतारकाकांचा मुख्य धंदा शवपेट्यांचा होता. त्यांनी मोजपट्टी काढली, सवयीने बिशपसाहेबांना जमिनीवर सरळ निजवायला सांगितलं, टाळूपासून टाचेपर्यंत माप घेतलं आणि हळुवार आवाजात म्हणाले, "थोडी जागा जास्त ठेवू. नंतर अडचण नको." माझ्या बायकोने साहेबांना उचललं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. सुतारकाकांना आपलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मीही सांगितलं नाही. खोटं बोलू नये हे खरं, पण सगळंच बोलावं असं कुठे आहे?

आता थोडं माझ्या धर्मकार्याविषयी सांगायला हवं. थोडंच पुरे, कारण कार्यच थोडं होतं. नगरपालिकेचं एक जुनं सभागृह आम्हाला रविवारी सकाळी प्रार्थनासभेसाठी मिळत असे. आमच्या आधी व्यायामाचा वर्ग, आमच्या नंतर बुद्धिबळवाले. माझ्या सभेला माझी बायको, बिशपसाहेब आणि एक आजी एवढी मंडळी जमायची. आजी दर रविवारी माझा हात हातात घेऊन सांगायच्या, "प्रवचन फार छान झालं!" या एका वाक्यावर मी आठवडा काढत असे. आजींना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

गावात मी घरोघर फिरलो नव्हतो असं नाही. दारं किलकिली व्हायची, माझ्या हातातली पत्रकं दिसायची, आणि दारं अदबीने बंद व्हायची. इन्स्पेक्टरसाहेब तर साखळी न काढताच म्हणायचे, "आज नको." ते कधीचं हो म्हणायचे तेही सांगत नसत.

तर त्या रविवारी मी प्रवचनाच्या दुसऱ्या मुद्द्यावर होतो, आणि बिशपसाहेब माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत होते. माझी बायको उठली. सभागृहाच्या मधल्या तुळईला पूर्वी कधीतरी दिवा टांगण्यासाठी लावलेली एक लोखंडी कडी होती. दर रविवारी पुढचा शब्द आठवेना की मी वर बघत असे, म्हणजे ती कडी मी कितीदा पाहिली असेल! पण मला तिथे कायम देवच शोधायचा असायचा. बायकोने बाकावर बाक चढवला, वर चढून दोरी कडीतून ओवली, तिला पिशवीतली साडी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि साहेबांना आत ठेवलं. चार झोके. आवाज बंद.

मी वर कडीकडे पाहिलं. मग कर्तव्य आठवून तिसरा मुद्दा सुरू केला. झोळीतून हुंकार आला. मी तिसरा मुद्दा सोडून दिला. बायको भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली आणि तिचा चेहरा सैल पडत गेला. त्या शांततेत मला माझ्या आजवरच्या कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त समाधान वाटलं, हे कबूल करतो. सभा संपल्यावर आजी म्हणाल्या, "आजचं प्रवचन फार छान झालं!"

सोमवारी मी सभागृहाच्या किल्लीवाल्या बाईंपुढे उभा. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, नाकावर चष्मा. मी सरळ सांगितलं, की माझ्या मुलाला रोज दुपारी तासभर झोपायला सभागृह हवं आहे.

"झोपण्यासाठी सभागृह देता येत नाही," त्या म्हणाल्या. "सभेसाठी देता येतं. दुपारी रिकामंच असतं, रोज घ्या. पण सभा म्हणजे भरवणाऱ्याच्या घरची माणसं सोडून निदान पाच मोठी माणसं हजर पाहिजेत. नाहीतर कुलूप."

म्हणजे पाहा. ज्या माणसाला रविवारी एका बहिऱ्या आजीपलीकडे कुणी मिळत नव्हतं, त्याने आता रोज पाच माणसं गोळा करायची, तीही भर दुपारी, चिरंजीवांच्या वामकुक्षीसाठी! मी घरी येऊन बायकोला सांगितलं. "आणि आपण प्रार्थनासभा म्हणून लिहून द्यायचं, हे खोटं नाही का?"

"तू मनातल्या मनात प्रार्थना कर," ती म्हणाली. "करशीलच. पाच माणसं यावीत म्हणून."

पुन्हा तीच दारं. पहिलं घरमालकीणबाईंचं. कडी नाकारल्याची त्यांना रुखरुख होती, त्या लगेच हो म्हणाल्या. आजी होत्याच. सुतारकाकांना कुणीतरी परत बोलावलं याचाच आनंद झाला. मग मी इन्स्पेक्टरसाहेबांचं दार वाजवलं. साखळी लागलेलीच होती.

"आज नको."

"पत्रकं नाहीयेत. मुलगा झोपत नाही. दुपारी तासभर सभागृहात येऊन नुसते बसाल का?"

"आम्हाला काही म्हणावं लागेल?"

"नाही."

"तुम्ही काही म्हणाल?"

"नाही. बोललं की तो उठतो."

"एक शब्दही नाही?"

"एकही नाही."

साखळी निघाली. "मग येतो. हे तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?"

कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाईंशीही जवळपास हाच संवाद झाला. फक्त त्यांनी दोनदा खात्री करून घेतली. अशा रीतीने माझी पहिली खरी मंडळी जमली. अट एकच होती: पाळकाने, म्हणजे मी, तोंड उघडायचं नाही. सहा वर्षं धर्मशास्त्र शिकलेल्या माणसाने हा घोट कसा गिळला असेल ते त्याचं तोच जाणे.

पहिले काही दिवस वाईट गेले. एक बाक करकरायचा. इन्स्पेक्टरसाहेबांचं नाक शीळ घालायचं. घरमालकीणबाईंच्या विणकामाच्या सुया वाजायच्या, म्हणून त्यांनी सुयांना दोरा गुंडाळून आणला. बेकरीवाल्या बाई पहाटेपासून भट्टीपाशी उभ्या असायच्या. त्या बसल्या की घोरायला लागत. पण गंमत अशी, की त्यांच्या घोरण्याने बिशपसाहेब आणखी गाढ झोपत. सुतारकाका स्तब्ध बसण्यात वाकबगार होते, धंद्याची सवय. आणि मी समोर उभा, न केलेल्या प्रवचनांनी पोट फुगलेला. एका दुपारी मला राहवलं नाही. म्हटलं, दोन वाक्यांचा छोटासा विचार सांगावा. मी घसा खाकरला मात्र, साहेबांचा एक डोळा उघडला आणि माझी अख्खी मंडळी एका सुरात "श्श्श!" म्हणाली. एकमताने म्हटलेला तो आमचा पहिला शब्द.

पण साहेब झोपायला लागले. दुपारी झोपले की रात्रीही झोपत. बायको पुन्हा माणसात येऊ लागली. चहात साखर पडू लागली. मिशनच्या मुख्य कचेरीला मी खरं तेच कळवलं: रोजची सभा, हजेरी पाच. तिकडून उलट टपाली अभिनंदन आलं, आणि इतर मिशनऱ्यांनाही उपयोग व्हावा म्हणून प्रवचनाची पद्धत सविस्तर कळवा अशी विनंती. ते पत्र मी अजून उत्तर न देता ठेवलं आहे.

बॅग मात्र भिंतीशी उघडीच होती. टोप्या आतच होत्या. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

आणि महिना संपता संपता किल्लीवाल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. "तक्रार आलीय. रोज दुपारी माणसं आत शिरतात, दार लावून घेतात, आतून आवाज येत नाही, आणि तुळईला काहीतरी टांगलेलं दिसतं. काय चाललंय हे?"

"सभा," मी म्हणालो.

"सभेत कुणीतरी बोलतं. तुमच्याकडे कुणीच बोलत नाही. उद्या मी स्वतः येऊन बसते. सभेसारखं काही दिसलं तर ठीक. नाहीतर किल्ली माझ्याकडे."

घरी येऊन सांगितलं. "तू बोललास तर तो उठणार," बायको म्हणाली. "नाही बोललास तर सभागृह जाणार. म्हणजे तेच." तिने बॅगेकडे पाहिलं. "मी पुन्हा ते सगळं नाही रे करू शकणार. खरंच नाही करू शकणार." मी तिचा हात धरला. मंडळींनाही मी सगळं सांगून ठेवलं, पण तोडगा कुणाकडेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी किल्लीवाल्या बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. जुडगा मांडीवर. बिशपसाहेब झोळीत गेले, चार झोके, गार. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी उभा राहिलो. आजवर बोलायला तडफडणारा मी. आणि आता बोलणं हेच माझं काम असताना माझी जीभ टाळूला चिकटली. मला समोर झोळी दिसत होती आणि झोळीमागे माझी बायको.

तेवढ्यात सुतारकाका उठले. टोपी काढून हातात घेतली आणि जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "मला आभार मानायचेत. मी ज्यांच्यासाठी काम करतो ते उठत नाहीत. इथे मी रोज एका झोपलेल्या माणसाशेजारी बसतो, आणि तासाभराने तो उठून माझ्याकडे बघून हसतो. त्याबद्दल आभार." आणि बसले.

मला वाटलं मी स्वप्नात आहे. मग बेकरीवाल्या बाई कुजबुजल्या, "दिवसात हा एकच तास मी बसते. त्याबद्दल आभार." इन्स्पेक्टरसाहेब उठले, कोट सारखा केला. "निवृत्त झाल्यापासून मला कुठे वेळेवर पोचायचं नव्हतं. आता पोचायचं असतं. आभार." घरमालकीणबाई सुया बाजूला ठेवून म्हणाल्या, "मी ह्यांना कडी लावू दिली नाही याचं मला वाईट वाटतं. लावू दिली असती तर मी इथे आले नसते. कशाचे आभार मानायचे तेच कळत नाही, पण मानते."

हे सगळं बघून आजींनाही आपली पाळी आली असं वाटलं. त्या उठल्या. सगळ्यांची नजर झोळीकडे वळली, कारण आजींना हळू बोलता येत नाही. स्वतःचाच आवाज त्यांना ऐकू येत नाही. मी हात जोडले, पण त्यांनी ते प्रोत्साहन समजून घेतलं आणि खिडक्यांची तावदानं थरथरतील अशा आवाजात घोषणा केली, "पाळकसाहेब, आजचं प्रवचन फार छान झालं!"

झोळी हलली नाही. साहेबांनी ओठ चाटले आणि झोप चालू ठेवली.

मग माझी बायको उठली. ती उठेल असं मला वाटलं नव्हतं. ती झोळीच्या काठावर हात ठेवून बोलली, माझ्याकडे न बघता. "परवा मला इथे बसल्या बसल्या झोप लागली. जागी झाले तेव्हा माझ्या अंगावर कुणाचा तरी कोट होता. कुणाचा ते मी विचारलं नाही. मी रोज आईला सांगायची, की इथे आपल्याला विचारणारं कुणी नाही. परवापासून तसं सांगता येत नाही. आभार." आणि ती पटकन खाली बसली.

इतके दिवस जे मला सांगायचं होतं ते माझ्या मंडळीने मलाच सांगितलं होतं, तेही कुजबुजत, एकही मुद्दा न पाडता. अशा वेळी पाळकाने सभेचा शेवट करायचा असतो. मी डोळे मिटले, हात वर केले, आणि माझ्याकडे साठलेलं सगळं त्या एका शब्दात ओतून म्हणालो, "आमेन!"

बिशपसाहेब ताडकन उठले आणि त्यांनी टाहो फोडला.

"श्श्श!" सगळी मंडळी माझ्यावर तुटून पडली. आजींनीसुद्धा, बाकीच्यांचे ओठ बघून, माझ्याकडे बोट रोखलं. या गोंधळात किल्लीवाल्या बाई बाकावरून उठल्या, जुडगा वाजू नये म्हणून मुठीत घट्ट धरला, झोळीपाशी आल्या आणि मोकळ्या हाताने झोका देऊ लागल्या. साहेबांनी त्यांच्या श्रद्धेची तपासणी केली. ती पुरेशी भरली असावी. डोळे पुन्हा मिटले.

"सभा झाली," बाई कुजबुजल्या. "असं लिहून देते मी. पण ह्यांना," त्यांनी मानेने माझ्याकडे खूण केली, "शेवटी बोलू देऊ नका."

माझ्या बायकोने तोंडावर पदराचं टोक दाबलं. तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरून तिच्याकडे धावलो, तर ती हसत होती. मागच्या रांगेत उभी करावी लागायची तसं, आवरता न येणारं हसू.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सासूबाईंचा फोन आला. महिना संपला होता. त्यांनी तिकडची खोली झाडून ठेवली होती. "मग काय, कधी येतेस?" मी शेजारच्या खोलीत दाराला कान लावून उभा होतो.

"आई," माझी बायको म्हणाली, "तू यापुढे असाच सकाळी फोन करत जा हं. दुपारी नको. दुपारी आमच्याकडे माणसं असतात."